ट्रंकेतली पांढरी लेन्स

पत्र:

ताई, नमस्कार. मी बेळगावातल्या अनगोळात राहतो, वय ३४, उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, पगार हातात ३२ हजार. फोटोचा नाद आहे. कॅननची १५००डी आहे आणि तिच्यासोबत आलेली १८-५५. आम्ही पाचजण दर रविवारी पहाटे राजहंसगड नाहीतर राकसकोप नाहीतर जांबोटीकडं जातो आणि येताना आरपीडी कॉर्नरला चहा घेत दोन-दोन तास लेन्सवर बोलत बसतो. त्यातल्या एकानं फुल फ्रेम मिररलेस, म्हणजे मोठ्या सेन्सरचा महागडा कॅमेरा घेतला, तेव्हापासून माझ्या कॅमेऱ्याला सगळे 'खेळणं' म्हणतात, चेष्टेनंच पण लागतं. मलापण घ्यावी वाटते, बॉडी आणि एक लेन्स मिळून १ लाख ९० हजार होतात, २४ महिने हप्ता, महिन्याला ८ हजाराच्या वर. दुसरी गोष्ट अशी की मे महिन्यात मी घरात न सांगता एक सेकंडहँड ७०-२०० एफ ४, लांबचं जवळ आणणारी लेन्स घेतली, पांढरी, २८ हजाराला, ओव्हरटाइमचे साठवलेले होते. बायकोला सांगायचं धाडस झालं नाही म्हणून कपाटावरच्या लोखंडी ट्रंकेत थंडीच्या कपड्यांखाली ठेवली. परवा ती माहेरी खानापूरला गेलेली तेव्हा काढून बघितली तर सगळा डांबरगोळ्यांचा वास, आणि आत काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बायको घरात पिको-फॉल करते, ब्लाऊज शिवते, तिचंही उत्पन्न आहे, ओव्हरलॉक मशीन घ्यायची म्हणत होती पण मग पुढच्या वर्षी बघू म्हणाली. पोरगी पहिलीत आहे. तर विचारायचं असं की फुल फ्रेम घ्यावी का, लेन्स वाचेल का, आणि घरात सांगावं की गपचूप विकून टाकावी. तीन फोटो पाठवलेत, खरं सांगा, कॅमेऱ्यामुळं वाईट आलेत का?
अनगोळचा हौशी

उत्तर:

तुला तू म्हणते, रागावू नकोस, माझा सगळ्यात धाकटा भाऊसुद्धा तुझ्यापेक्षा मोठा आहे. आणि क्रम थोडा उलटा करते, कारण तुझ्या प्रश्नांतला एक आज, हे वाचून झाल्याझाल्या हातात घ्यायचा आहे. ती लेन्स ट्रंकेतून बाहेर काढ. परत तिथंच ठेवली आहेस हे तू लिहिलं नाहीस, पण ठेवली असणारच की, बायको एव्हाना खानापूरहून आली असेल.

ते धागे म्हणजे फंगस, साधी बुरशी, लोणच्याच्या बरणीत येते तिचंच भावंड. तिचं बी हवेत सगळीकडं असतं, तुझ्या लेन्समध्ये आधीपासून असेल, माझ्यातही असेल. त्याला रुजायला लागतो अंधार, न हलणारी हवा आणि साधारण ६० टक्क्यांच्या वरचा दमटपणा, आणि बेळगावात जूनपासून सप्टेंबर संपेपर्यंत हे तिन्ही कुठं मिळत नाही ते सांग. चपलांवर पांढरं येतं, पापड मऊ पडतात, पँटच्या खिशातली नोट ओलसर लागते. त्यात तू तिला लोकरीच्या कपड्यांखाली, बंद लोखंडी पेटीत झोपवलीस, अख्खा पावसाळा. बुरशीला स्वतःचं घर बांधायचं असतं तर तिनं यापेक्षा चांगलं बांधलं नसतं.

लेन्स वाचेल का, हे बघायची रीत अशी. मागचं पुढचं झाकण काढ, खोलीत अंधार कर, मोबाईलची टॉर्च मागच्या बाजूनं लाव आणि पुढून थोडं तिरकं बघ, सरळ नको, तिरकं. कॅननच्या या लेन्सचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, बॉडीवरून काढल्यावर उघडंच राहतं त्यामुळं आतलं सगळं दिसतं. धागे काचेच्या कडेला असतील आणि मध्ये स्वच्छ असेल तर फार जीव घाबरा करू नकोस, उघडून साफ करणारा माणूस ते पुसतो. पण बुरशी नुसती बसत नाही, ती आम्ल सोडते आणि काचेवरचा कोटिंगचा पातळ थर खाते, आणि तो एकदा खाल्ला की पुसल्यावरसुद्धा तिथं धाग्याचाच ठसा राहतो, कायमचा. म्हणून आज म्हटलं. थोडी असताना फोटोत काही कळत नाही, वाढली की सगळं दुधाळ दिसायला लागतं, विशेषतः ऊन समोरून असलं की.

साफ करायला देण्याआधी टॉर्चखालचा फोटो काढून साफ करणाऱ्याला पाठव आणि खर्च विचार, लेन्सच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर सांगितला तर थांब आणि विचार कर. उन्हात ठेवून बुरशी मारायचा सल्ला तुझ्या कट्ट्यावर कुणीतरी देणारच, पाचातला एक असतोच तसा. ऐकू नकोस. त्या लेन्समध्ये एक काच फ्लोराइटची आहे आणि फ्लोराइट उष्णतेनं लवकर फुगतं, कॅनननं या लेन्स पांढऱ्या रंगवल्या त्या ऊन परतवायलाच, दिखाव्यासाठी नाही. (दिखाव्यासाठी पण झाल्या नंतर, ते वेगळं. काळी लेन्स लपवणं सोपं गेलं असतं तुला.)

मी हे एवढं ठासून सांगते कारण मी स्वतः फसलेली आहे. आंबोलीच्या बेडकांसाठी मला मॅक्रो, अगदी जवळून काढायची लेन्स हवी होती, दुसऱ्या एका गावातल्या दुकानात जुनी मिळाली, १२ हजार मोजले. काचेच्या काउंटरवर ट्यूबलाइटखाली ठेवून दाखवली त्यानं, चकचकीत, मी डोळ्यांनी बघितली आणि घेतली. घरी येऊन टॉर्च लावली तर आत एक निष्पर्ण झाड, फांद्या-उपफांद्यांसकट. फोन केला तर म्हणाला तुमच्या बेळगावची हवा मॅडम. दोन दिवसांत बेळगावची हवा काय जंगल उगवते होय?

आता तुझे फोटो. तिन्ही मोठे करून बघितले, आतली माहितीपण बघितली.

पहिला राजहंसगडाचा, धुक्यातला. सगळा राखाडी, शिळ्या भातासारखा. कॅमेऱ्याचा दोष नाही, कॅमेऱ्याला समोर जे दिसेल ते मध्यम राखाडी करायची सवय असते, त्यामुळं पांढरं धुकं तो काळपट करतो. एक्स्पोजर कॉम्पेनसेशन एक स्टॉप वर (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट), अधिक एक, कधी अधिक दीड, एवढंच. तुझ्या मित्राच्या फुल फ्रेमनंही तिथं हेच केलं असतं. आणि क्षितिज डावीकडं कलंडलंय, ते तरी सरळ कर की.

दुसरा शिवजयंतीच्या चित्ररथाचा. यावरून तुझं मन मोडलेलं दिसतंय. मावळ्याच्या वेषातलं पोरगं, हातात तलवार, आणि पोरगं पण हललेलं, तलवार पण. माहिती अशी, ५५ वर झूम, एफ ५.६ (हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं), आयएसओ १६०० (कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो तो आकडा), शटर १/२० सेकंद. बरं, १/२० ला नाचणारं पोरगं कुठला कॅमेरा थांबवणार? आपली रात्रभर चालणारी मिरवणूक, जनरेटरचे दिवे, गुलाल, ढोल, आणि तू मागं गर्दीत उभा राहून झूम लावलास. किट लेन्सची गंमत अशी की १८ वर ती एफ ३.५ उघडते आणि ५५ वर ५.६ वर येऊन अडते, म्हणजे १८ ला जवळजवळ अडीचपट उजेड आत येतो. तेव्हा गर्दीतून पुढं जा, रथाच्या अगदी जवळ, झूम सगळा मागं घे, आयएसओ ६४०० कर (तुझ्या कॅमेऱ्यात नेहमीच्या हद्दीतला शेवटचा तोच), आता हिशोब मांड, अडीचपट इथून, चौपट तिथून, १/२० चे झाले १/२००. एक रुपया न खर्चता. थोडा नॉइज, दाणेदारपणा येईल, येऊ दे, रात्रीच्या गुलालात कोण नॉइज मोजतंय. एक मात्र ध्यानात ठेव, आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, फोटोंत रंग बदलायला लागले किंवा पट्टे दिसले तर शटर १/१०० वर आण.

आणि आयएसओ वाढवायचा नसेल तर कट्ट्यावर कुणाकडं तरी ५० एमएम १.८ असणार, असतेच, सगळ्यांच्या बॅगेत तळाशी ती पडलेली असते कारण स्वस्त लेन्सबद्दल चहावर बोलायला काही उरत नाही. १६० ग्रॅमची लेन्स. माग आठवड्याभरासाठी. ५.६ च्या जागी १.८ म्हणजे साडेनऊ-पावणेदहा पट उजेड, तीन स्टॉपच्या वर.

आणि हीच ती जागा आहे जिथं मला तुझ्या मित्राशी भांडायचं आहे. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, तुझा २२.३ बाय १४.९ चा. क्षेत्रफळ काढ, क्वालिटीतला माणूस आहेस, फौंड्रीत व्हर्नियर हातात असतो तुझ्या. २.६ पट येतं. म्हणजे स्वच्छपणाचा फायदा साधारण सव्वा-दीड स्टॉप. फायदा खरा आहे, मी नाकारत नाही, मी स्वतः फुल फ्रेम वापरते आणि रात्रीच्या कामाला मला ती आवडते. पण १ लाख ९० हजाराला सव्वा-दीड स्टॉप आणि उसन्या पन्नासला तीन स्टॉप, हे चहाच्या टेबलावर कुणी मांडलं का कधी? वर आणखी एक, तुझी १८-५५ नव्या बॉडीवर ॲडॅप्टर लावून बसेल पण ती छोट्या सेन्सरसाठी केलेली लेन्स, त्यामुळं कॅमेरा आपोआप मधला तुकडाच वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचे साडेनऊच्या आसपास उरतात. खेळणं मग कुठलं झालं?

हप्त्याचं लांबण लावत नाही. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर विना-व्याज लिहिलेलं असलं तरी बँक व्याज लावतेच, दुकानदार ते सुटीतून वळतं करतो, आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुझ्या अंगावर येते. ३२ मधले ८ म्हणजे पगाराचा चौथा भाग, दोन वर्षं. घेऊ नकोस. यावर्षी तर नकोच. तरीही हात शिवशिवत असेल तर मित्राची बॉडी एक रविवार माग, तुझी त्याला दे, दोघांनी एकाच ठिकाणी काढा, सगळे फोटो १२ बाय ८ च्या प्रिंटवर काढून घ्या आणि मागं नाव न लिहिता चहाच्या टेबलावर पत्त्यांसारखे मिसळा. तुझ्या २४ मेगापिक्सेलची फाइल ३०० डीपीआयला २० इंच रुंद छापता येते, १२ इंच तर तिला अंगणच. मग ओळखा कुठला कुणाचा. मी हा खेळ आमच्यात खेळवलाय, निकाल सांगत नाही, तूच बघ.

कट्टा सोडू नको मात्र. तुझ्या पत्रात मला असं वाटलं की तू त्या चौघांवर थोडा नाराज आहेस, पण दर रविवारी पहाटे साडेचारला गाडी काढणारी चार माणसं कुठं मिळतात? आपल्याकडं पुरुष एकमेकाला 'बरा आहेस ना' असं थेट विचारत नाहीत, 'काय गा, कुठली लेन्स लावलास' असं विचारतात, आणि त्यातच सगळं येतं, कुणाच्या आईचा बीपी, कुणाचं प्रमोशन अडकलंय, कुणाला घर बांधायला वाळू मिळत नाही. माझे वडील शहापुरात स्टुडिओ चालवायचे, संध्याकाळी तिथं चार जण येऊन बसत, डेव्हलपरचा भाव आणि कुठल्या कंपनीचा पेपर चांगला याच्यावर रात्री नऊ वाजेस्तोवर बोलणं, आणि मी लहानपणी डार्करूमच्या लाल दिव्यात ट्रे हलवत ऐकायची, हायपोचा आंबट वास हाताला. आता कळतं की त्यांतल्या एकाची नोकरी गेलेली होती तेव्हा. तो पेपरच्या भावावर सगळ्यात जास्त बोलायचा. तर बोल खुशाल लेन्सवर, दोन काय चार तास बोल. बोलण्यातून उठून थेट दुकानात जाऊ नकोस, मध्ये घर लागतं.

घरावर येते आता.

तिसरा फोटो. तू त्याच्याबद्दल एक ओळही लिहिली नाहीस, वाटतंय संख्या भरायला टाकलास. तुझी बायको शिलाई मशीनवर वाकलेली, खिडकीतून डाव्या बाजूनं पावसाळी उजेड, तिचा चेहरा अर्धा दिसतोय आणि तिला माहीतच नाही तू काढतोयस. खाली टेबलाच्या पायाशी पोरगी, चिंध्यांचा ढीग पुढ्यात, एक हिरवी चिंधी डोक्यावर पदरासारखी घेतलेली. १/६०, एफ ५, आयएसओ ८००. बोटं स्थिर आहेत आणि सुई तेवढी धूसर, कारण मशीन चालू होतं. लगेच दुसऱ्यांदा बघितला मी तो. याच खेळण्यानं काढलाय बघ. यात मला एक गोष्ट दुरुस्त करायला सापडली नाही, वरती भिंतीवरचं कॅलेंडर थोडं कापलं असतं तर, पण राहू दे, कॅलेंडरवर तिनं डिलिव्हरीच्या तारखांना गोल केलेत ते दिसतात.

त्या माणसापासून तू २८ हजार लपवतोयस.

आणि आता खरं सांगू का, मला नाही वाटत लपलेत. पत्र परत वाच तुझं. ट्रंक उघडली तर 'सगळा डांबरगोळ्यांचा वास'. गोळ्या कुणी टाकल्या? तू टाकल्या असत्यास तर वासाचं नवल लिहिलं नसतंस. पावसाळा लागायच्या आधी घरातल्या बायका ट्रंका खाली काढतात, स्वेटर-शाली एक एक झटकतात, घडी बदलतात, मध्ये मध्ये गोळ्या ठेवतात, परत रचतात. एकेक कपडा हाताखालून जातो. आणि त्या कपड्यांखाली पाऊण किलोच्या आसपासची, वीतभर लांब, पांढरीफेक वस्तू. तिला ती दिसली नाही असं तुला अजून वाटतंय?

तिनं ती उचलली असणार, बाजूला ठेवली असणार, कपड्यांची घडी घातली असणार आणि ती परत होती तिथं ठेवून वर गोळ्या टाकल्या असणार, किडीनं खाऊ नये म्हणून. तुझ्या लेन्सची काळजी घेतली रे तिनं, तिला ठाऊक होतं त्या रीतीनं. (डांबरगोळी आणि कापूर लेन्सजवळ ठेवू नये असं कॅमेऱ्यांच्या पुस्तिकांत लिहिलेलं असतं, वाफ वाईट. तिला कोण सांगणार, तू तर सांगणार नव्हतास.) आणि त्यानंतर इतके दिवस ती बोलली नाही, आणि ओव्हरलॉक मशीनचं 'पुढच्या वर्षी बघू' झालं. दोन्हीचा संबंध मी जोडत नाही, मला तुझ्या घरातलं काय माहीत. पण तू जोडून बघ. आपल्याकडं कन्नडातलं 'नोडोण' म्हणून जे असतं, बघूया बघूया, त्यात किती वेळा 'तूच आधी बोल' असं दडलेलं असतं.

तेव्हा गपचूप विकण्याचा विचार सोड, ती ज्या दिवशी ट्रंक उघडेल आणि वस्तू तिथं नसेल त्या दिवशी तुला दोन खोटी एकदम निस्तरावी लागतील. आणि विकायची झाली तरी घेणाऱ्याला बुरशी आहे हे सांगूनच विक, माझ्या त्या दुकानदारासारखा हवेवर ढकलू नकोस.

सांगायचं कसं. पोरगी झोपल्यावर रात्री अकराला नको, बायको दिवसभर वाकून दमलेली असते. तुझी आई घरात असेल तर आईसमोर नको, तिसरं माणूस आलं की त्याला एकतर तुझी बाजू घ्यावी लागते नाहीतर बायकोची. कुंदा, साडी असलं काही हातात घेऊन जाऊ नकोस, तिला तेवढ्यावरच कळेल आणि राग येईल तो वेगळा. आकडा आधी सांग. 'मी मेमध्ये एक लेन्स घेतली, २८ हजाराची, तुला सांगितलं नाही, आता तिला बुरशी आलीय.' एवढं एका दमात. पोरीचे फोटो काढायला घेतली असं म्हणू नकोस, ७०-२०० नं घरात पोरीचे फोटो काढायला शेजारच्या घरात जाऊन उभं राहावं लागतं, तुझ्या बॉडीवर ७० म्हणजे ११२ सारखं दिसतं. फोटोचा नाद होता म्हणून घेतली, असं सांग. नाद होता यात लाज कसली. मग गप्प बस. तिला बोलू दे, वेळ लागला तर लागू दे, मशीन चालू केलं तर करू दे, तिथंच बसून राहा.

आमच्या घरातलं सांगते. वडिलांना आईला न सांगता काही घेताच आलं नाही कधी, कारण स्टुडिओची वही आई लिहायची. तीच घराची पण वही, वेगळी नव्हती. माझ्याकडं आहेत त्यातल्या दोन. एका पानावर तांदूळ, मग रॉकेल, मग 'फ्लॅश नवा', मग माझी शाळेची फी, मग परत तांदूळ. फ्लॅशचा आकडा शिसपेन्सिलीनं लिहिलेला आणि नंतर शाईनं गिरवलेला. शिसपेन्सिल म्हणजे अजून ठरायचं आहे. शाई म्हणजे ठरलं. मध्ये किती दिवस गेले, भांडण झालं का, वहीत नाही. पण फ्लॅश तांदळाच्याच ओळीत होता, वेगळ्या पानावर नव्हता, आणि तो स्टुडिओतला शेवटचा दिवस येईपर्यंत चालला.

तुमच्या घरात तसली वही असेल, बायको शिवण करते म्हणजे असणारच, मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर तरी. तिच्यात ती लेन्स तुझ्या हातानं लिही. खाली साफ करायचा खर्च लिही, शिसपेन्सिलीनं. त्याच्याखाली ओव्हरलॉक. मग दोघं बसून ठरवा, लेन्स साफ करून ठेवायची की सांगून-सवरून विकायची आणि ते पैसे मशीनकडं वळवायचे. काय ठरेल ते मी नाही सांगणार. तिनं 'ठेव' म्हटलं तर ठेव, खरंच ठेव, मोठेपणा करून विकू नकोस. त्या लेन्सनं जांबोटीच्या रस्त्यावर धनेश मिळाला तर छान मिळतो, फक्त तुझ्या लेन्सला आयएस, म्हणजे हाताचा थरथराट सांभाळायची सोय, नसेल तर २०० ला शटर १/३२० च्या खाली जाऊ देऊ नकोस.

ठेवायची कशी, हे राहिलं. ट्रंक बंद, कपाट बंद. वडिलांच्या लाकडी कपाटात तळाला १५ वॅटचा बल्ब पावसाळाभर जळायचा, दार उघडलं की ऊब अंगावर यायची, आता तेवढं नको. झाकणाला रबर असलेला मोठा प्लास्टिकचा डबा घे, किराणा ठेवायचा असतो तसलाच, पण नवा. त्यात दमटपणा दाखवणारं छोटं मीटर टाक, फार महाग नसतं, काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. ३० च्या खाली पण नको, रबर आणि आतलं वंगण सुकतं. लेन्सचं कातडी पाऊच डब्याबाहेर ठेव, कातडं ओल धरतं. राजहंसगडावरून धुक्यात भिजून आलास की कॅमेरा तसाच डब्यात कोंबू नकोस, पंख्याखाली तासभर ठेव, मग आत. आणि नुसती ठेवू नकोस, पंधरा दिवसांतून एकदा काढ, चार फोटो मार, उजेड लागू दे तिला.

डब्यात सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे टाक, पाव किलो. कच्चे तांदूळ टाकू नकोस, धूळ होते. नारंगी दाणे घे, ते ओले झाले की हिरवट पडतात, मग मंद आचेवर परतले की परत नारंगी होतात. निळे मिळाले तर घेऊ नकोस, त्यात कोबाल्ट असतं, ते विषारी. आणि कुठलेही घेतलेस तरी परतायला एखादी जुनी, टाकाऊ कढई वेगळी काढून ठेव, ती भंगारवाल्याकडून आण वाटल्यास, पण बायकोची फोडणीची कढई उचलू नकोस, या आठवड्यात तर अजिबातच नको.